धडगावात बाजार आहे, बाजार धडगावात आहे

‘धडगावात बाजार आहे’ आणि ‘बाजार धडगावात आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. शब्द तेच तीन. पण पहिलं वाक्य आपण नव्याने आलेल्या पाहुण्याला सांगतो, गावात काय काय आहे असं त्याने विचारलं तर. दुसरं सांगतो ते बाजार शोधत निघालेल्याला. बाजार भरतो हे त्याला ठाऊक असतं, त्याला जागा हवी असते. इंग्रजीत या दोन वाक्यांचे साचेच वेगळे होतात. पहिल्याचं होतं ‘देअर इज अ मार्केट इन धडगाव’ आणि दुसऱ्याचं ‘द मार्केट इज इन धडगाव’.

इंग्रजीतलं ‘टु बी’ हे क्रियापद, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर अशी त्याची रूपं, जागा दाखवणाऱ्या आणि प्रमाण सांगणाऱ्या शब्दांबरोबर कशी वागतात ते या लेखात पाहू. माझं म्हणणं असं आहे की मराठी नीट कान देऊन ऐकली तर यातली पुष्कळ उत्तरं तिच्यातच सापडतात. काही ठरावीक ठिकाणी मात्र ती चकवते. ती ठिकाणं एकदा माहीत करून घेतली की वाक्य लिहिताना हात अडखळत नाही.

लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर धडगावची मुलंमुली आणि त्यांचे शिक्षक आहेत. धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं ठिकाण. इथली बरीच मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, शाळेत मराठी शिकतात, बाजारात हिंदी आणि गुजराती ऐकतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हापासून सातपुड्यातल्या सहा वर्षांच्या मुलासमोर शाळेची मराठी आणि पुस्तकातली इंग्रजी एकाच वर्षी येऊन उभ्या राहतात. त्याला इंग्रजी अवघड जाते यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. उलट, एवढ्या भाषांतून रोज ये-जा करणाऱ्या मुलाचा कान तयार असतो. त्या कानाचा उपयोग करून घ्यायला हवा.

पावरी, भिली, मराठी, हिंदी, गुजराती या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जागा दाखवणारा प्रत्यय किंवा शब्द नामाच्या मागून येतो आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. ‘धडगाव’ला ‘त’ लागतो, ‘डोंगर’ला ‘वर’ लागतो. इंग्रजीत तो शब्द नामाच्या पुढे उभा राहतो: इन धडगाव, ऑन द हिल. आणि ‘इज’ येतं ते त्याच्याही आधी. मुलाला हा एवढा उलटा क्रम हाताला लागू द्या. तो लागेपर्यंत व्याकरणातली कुठलीही संज्ञा सांगायची गरज नाही.

आता पहिल्या दोन वाक्यांकडे. मराठीत ‘आहे’च्या लगेच आधी जे येतं, ती बातमी असते. ‘वर्गात मुलं आहेत’ यात बातमी मुलांची. ‘मुलं वर्गात आहेत’ यात बातमी वर्गाची. बातमी वस्तूची किंवा माणसाची असली की इंग्रजी वाक्य ‘देअर इज’ किंवा ‘देअर आर’ने सुरू करा. बातमी जागेची असली की वस्तूपासून सुरू करा. ‘देअर आर चिल्ड्रन इन द क्लासरूम’ आणि ‘द चिल्ड्रन आर इन द क्लासरूम’. तोरणमाळला तलाव आहे: ‘देअर इज अ लेक ॲट तोरणमाळ’. यशवंत तलाव तोरणमाळला आहे: ‘यशवंत लेक इज ॲट तोरणमाळ’.

शाळेत ‘देअर इज’चा अर्थ ‘तेथे आहे’ असा सांगतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. या ‘देअर’ला ‘तिथे’ असा अर्थच नाही. वाक्याच्या तोंडाशी कर्त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, हा इंग्रजीचा दंडक आहे. नवी वस्तू मागून येणार असली की ती जागा ‘देअर’ धरून ठेवतो. ‘तिथे साप आहे’ हे सांगायचं तर इंग्रजीत ‘देअर’ दोनदा येतो: ‘देअर इज अ स्नेक देअर’. पहिला जागा धरणारा, दुसरा खरा ‘तिथे’. हे एक वाक्य मुलांना सांगितलं की दोन्हींतला फरक त्यांच्या ध्यानात बसतो.

‘देअर इज’च्या मागून येणारी वस्तू ऐकणाऱ्याला नवी असते, म्हणून तिच्याआधी सहसा ‘द’ येत नाही. तिथे अ, सम, एनी, टू, मेनी, अ लॉट ऑफ, नो असे शब्द येतात. ‘देअर इज द मार्केट इन धडगाव’ हे वाक्य कानाला खटकायला हवं. म्हणजे प्रमाण सांगणारे शब्द आणि ‘देअर इज’ यांची जोडी मुळातच पक्की आहे. एक शिकवताना दुसरं बाजूला ठेवता येत नाही.

मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचं आणि त्याचं इंग्रजी करून घ्यायचं ही रीत आज जुनी मानतात. मला ती अजूनही उपयोगाची वाटते, पण वाक्यं जोडीजोडीने दिली तर. एकटं ‘डब्यात भाकरी आहे’ दिलं तर मूल शब्दाला शब्द जोडत बसतं. सोबत ‘भाकरी डब्यात आहे’ दिलं की ते विचार करू लागतं.

मराठी चकवते त्या जागा आता पाहू. पहिली जागा आदराची. ‘सर वर्गात आहेत’, ‘आजोबा शेतात आहेत’, ‘डॉक्टर दवाखान्यात आहेत’. माणूस एक, पण मान देण्यासाठी आपण अनेकवचन वापरतो. इंग्रजीत ही सोय नाही. ‘सर इज इन द क्लासरूम’, ‘ग्रँडफादर इज इन द फील्ड’, ‘द डॉक्टर इज इन द हॉस्पिटल’. संस्कार असलेल्या मुलाला ‘इज’ लिहिताना हात आखडतो, आजोबांना एकेरीत बोलल्यासारखं वाटतं. त्याला समजावून सांगावं की इंग्रजीत मान आवाजातून आणि इतर शब्दांतून दाखवतात, क्रियापदातून नाही. ‘सर आर’ लिहिणारं मूल मराठीचा नियम पाळत असतं, बेफिकिरी करत नसतं. शिक्षकाने हे ओळखून सुधारावं.

दुसरी जागा धान्याची आणि पैशांची. ‘तांदूळ डब्यात आहेत’, ‘गहू कोठीत आहेत’, ‘पैसे खिशात आहेत’, ‘केस पांढरे आहेत’. मराठीत ही सगळी अनेकवचनं. इंग्रजीत राइस, व्हीट, मनी, हेअर हे शब्द एकवचनी चालतात: ‘द राइस इज इन द टिन’, ‘द मनी इज इन माय पॉकेट’, ‘हिज हेअर इज व्हाइट’. बातम्या कितीही असल्या तरी ‘द न्यूज इज’. सामान, माहिती, सल्ला, गृहपाठ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचंही तसंच. आणि याच्या उलट, मराठीत एकटा असलेला चष्मा इंग्रजीत अनेकवचनी होतो: ‘चष्मा टेबलावर आहे’, ‘माय ग्लासेस आर ऑन द टेबल’. कात्री, विजार, चिमटा हीही त्याच रांगेतली. दोन पाती, दोन पाय, दोन काचा असलेल्या वस्तू इंग्रजी दोन मानते.

तिसरी जागा गाळलेल्या ‘आहे’ची. ‘ही माझी बहीण’, ‘माझं नाव अमुक’, ‘हे आमचं गाव’. मराठीत ‘आहे’ न म्हणता वाक्य पुरं होतं. इंग्रजीत ते कधीच होत नाही. ‘धिस माय सिस्टर’ हे अर्धवट वाक्य. ‘इज’ हवंच.

आता इन, ऑन आणि ॲट. पुस्तकातली व्याख्या थोडक्यात अशी की चारी बाजूंनी वेढलेल्या जागेला इन, पृष्ठभागाला आणि रेषेला ऑन, नकाशावरच्या ठिपक्यासारख्या ठिकाणाला ॲट. व्याख्या बरोबर आहे, पण ती पुरत नाही, कारण एकच जागा बोलणारा कधी ठिपका मानतो, कधी खोली. धडगाव हे राहण्याचं गाव म्हटलं तर ‘इन धडगाव’. बस तिथे थांबते एवढंच सांगायचं तर ‘द बस स्टॉप्स ॲट धडगाव’. विद्यार्थी शाळेत आहे, म्हणजे घरी नाही, एवढा अर्थ असेल तर ‘ॲट स्कूल’. चार भिंतींच्या आत, वर्गात आहे, तर ‘इन द क्लासरूम’. घरी म्हणजे ‘ॲट होम’, त्यात ‘द’ नाही.

आपल्या ‘त’ आणि ‘वर’ला इंग्रजीत बहुतेक वेळा इन आणि ऑन हेच जोडीदार मिळतात. धडगाव सातपुड्यात आहे, ‘इन द सातपुडा हिल्स’. दिवाळीत यात्रेकरू अस्तंबा डोंगरावर असतात, ‘ॲट दिवाळी द पिलग्रिम्स आर ऑन अस्तंबा’. उन्हात म्हणजे ‘इन द सन’, पानावर म्हणजे ‘ऑन द पेज’, फोटोत म्हणजे ‘इन द फोटो’. इथवर मराठी साथ देते.

जिथे देत नाही ती उदाहरणं मात्र घोटून घ्यायला हवीत. आपण आंबा झाडावर आहे म्हणतो आणि पोपटही झाडावरच आहे म्हणतो. इंग्रजीत झाडाला धरलेला आंबा ‘ऑन द ट्री’, पण फांद्यांत येऊन बसलेला पोपट ‘इन द ट्री’. आपण नकाशात गाव शोधतो, इंग्रजी ते ‘ऑन द मॅप’ शोधते. आपण एसटीतही बसतो आणि जीपमध्येही बसतो. इंग्रजीत एसटीत असलेला माणूस ‘ऑन द बस’, जीपमधला ‘इन द जीप’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, जिथे वाकून आत शिरून बसून राहावं लागतं त्याला इन, अशी खूण बऱ्याच ठिकाणी चालते. नर्मदेवरच्या लहान होडीतला माणूस ‘इन द बोट’, मोठ्या लाँचवरचा ‘ऑन द लाँच’. नदीकाठचं गाव नदी‘वर’ असतं: प्रकाशा तापीकाठी आहे, ‘प्रकाशा इज ऑन द तापी’.

दिशांचीही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘नंदुरबार महाराष्ट्राच्या उत्तरेला आहे’ आणि ‘गुजरात नंदुरबारच्या पश्चिमेला आहे’ या दोन्हींत आपण ‘ला’ वापरतो. पण नंदुरबार महाराष्ट्राच्या आत आहे आणि गुजरात नंदुरबारच्या बाहेर. इंग्रजीत आतल्यासाठी इन, बाहेरच्यासाठी टु: ‘नंदुरबार इज इन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र’, ‘गुजरात इज टु द वेस्ट ऑफ नंदुरबार’. भूगोलाच्या पेपरात इथे गफलत झाली तर जिल्हा राज्याबाहेर जातो.

‘खाली’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या तालुक्यात तो शब्द साधा राहिलेला नाही. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बुडितक्षेत्रात आली. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर. एखादं घर त्या पातळीच्या खाली आहे की वर आहे, यावर त्या घराचं भवितव्य ठरत होतं. मराठीत आपण ‘घर पाण्याखाली आहे’ म्हणतो आणि ‘घर पातळीखाली आहे’ असंही म्हणतो. इंग्रजीत पहिलं ‘अंडर वॉटर’, दुसरं ‘बिलो द लेव्हल’. एखाद्या गोष्टीने झाकलं असलं की अंडर, मोजमापात कमी असलं की बिलो. कागदपत्रात अंडरच्या जागी बिलो वाचलं गेलं तर बुडालेलं घर आणि बुडणार असलेलं घर एकच ठरेल.

१९९२ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने जागतिक बँकेला या प्रकल्पाविषयी अहवाल दिला. तो इंग्रजीत होता. पुढच्या वर्षी, मार्च १९९३ मध्ये, बँकेचं उरलेलं कर्ज भारताने नाकारलं. नर्मदाकाठच्या माणसांबद्दलची अशी कितीतरी कागदपत्रं इंग्रजीत लिहिली गेली, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न दोनच होते: कुठे आणि किती. किती कुटुंबं, किती जमीन, कुठलं गाव, कुठली नवी वसाहत. या लेखातलं व्याकरण नेमकं याच दोन प्रश्नांचं आहे. म्हणून अक्राणीच्या मुलांना ते पक्कं यावं असं मला मनापासून वाटतं. पुढच्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांना स्वतः वाचता यावं आणि स्वतः लिहिताही यावं.

नववी-दहावीच्या मुलांना यावर एक लेखन जरूर द्या. ज्यांची गावं गेली त्या घरांतली मुलं आजोबांना विचारून लिहितील: ‘अवर व्हिलेज वॉज ऑन द बँक ऑफ द नर्मदा. नाऊ इट इज अंडर वॉटर. देअर वेअर मेनी मँगो ट्रीज निअर अवर हाउस. सम ऑफ अवर रिलेटिव्हज आर इन तळोदा. द अदर्स आर स्टिल इन द हिल्स.’ या पाच वाक्यांत वॉज-इज, देअर वेअर, ऑन, अंडर, निअर, इन, मेनी, सम ऑफ हे सगळं येऊन जातं, आणि एकही वाक्य खोटं किंवा उसनं नाही. जिल्ह्याचा इतिहासही असाच कामी येतो. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधी अक्राणी धुळे जिल्ह्यात होती: ‘अंटिल १९९८ अक्राणी वॉज इन धुळे डिस्ट्रिक्ट’.

प्रमाणाच्या शब्दांत सगळ्यात जास्त गोंधळ एका ‘अ’मुळे होतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. ‘देअर आर फ्यू बसेस’ म्हणजे गाड्या थोड्याच आहेत, पुरत नाहीत. ‘देअर आर अ फ्यू बसेस’ म्हणजे काही गाड्या आहेत, अगदीच नाहीत असं नाही. मराठीत हा फरक आपण ‘च’ने करतो. मनात ‘थोड्याच’ आलं की ‘अ’ काढून टाका, ‘काही’ आलं की ‘अ’ ठेवा. न मोजता येणाऱ्या गोष्टींना हाच नियम लिटल आणि अ लिटलने लागू होतो: ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’, विहिरीत पाणी थोडंच आहे. ‘देअर इज अ लिटल वॉटर’, थोडंफार आहे, दोन हंडे भरतील.

मच आणि मेनी तर मुलांना येतात. पण पैसे मोजता येतात, मग ‘मेनी मनी’ का नाही, असा प्रश्न हुशार मुलं विचारतात. रुपये मोजता येतात, म्हणून ‘मेनी रुपीज’. मनी हा शब्द इंग्रजीत पाण्यासारखा, म्हणून ‘मच मनी’. आणि रक्कम एकत्र धरली की ती एक होते. ‘पाचशे रुपये पुरेसे आहेत’ हे इंग्रजीत ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’. ‘दहा किलोमीटर लांब आहे’ यातही ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’.

मग येतो ‘ऑफ’. ‘सम स्टुडंट्स’ बरोबर, ‘सम ऑफ द स्टुडंट्स’ही बरोबर, पण ‘सम ऑफ स्टुडंट्स’ चूक. इथे मराठीतला ‘पैकी’ मदतीला घ्या. ‘काही विद्यार्थी’ म्हणायचं असेल तर ‘ऑफ’ नको. ‘त्या विद्यार्थ्यांपैकी काही’ म्हणायचं असेल तर ‘ऑफ’ हवं, आणि त्याच्या मागून द, माय, धिस, दीज किंवा अस, देम असा ओळख पटवणारा शब्दही हवा. मोस्ट, मेनी, अ फ्यू, ईच, नन यांनाही हाच नियम. नन मात्र नामाआधी ‘ऑफ’शिवाय बसतच नाही. ‘नन ऑफ अस’, आमच्यापैकी कुणीही नाही.

त्यापुढे इज घ्यायचं की आर, हे ‘ऑफ’च्या पलीकडच्या नामाला विचारा. ‘मोस्ट ऑफ द रोड इज इन द घाट’, रस्ता एक. ‘मोस्ट ऑफ द व्हिलेजेस आर इन द हिल्स’, गावं अनेक. ‘हाफ ऑफ द वॉटर इज’, ‘हाफ ऑफ द गोट्स आर’. दोन शब्द मात्र या नामाकडे पाहत नाहीत, वन आणि ईच. ‘वन ऑफ माय ब्रदर्स इज इन सुरत’. भाऊ कितीही असोत, सुरतेत एकच आहे.

‘आम्ही घरात सात जण आहोत’ हे वाक्य मुलाखतीत, शिबिरात, परीक्षेच्या तोंडी भागात हमखास लागतं. मुलं सांगतात, ‘वुई आर सेव्हन’. अर्थ पोहोचतो, पण इंग्रजीची नेहमीची तऱ्हा वेगळी: ‘देअर आर सेव्हन ऑफ अस ॲट होम’. याचा प्रश्नही तसाच: ‘हाऊ मेनी ऑफ यू आर देअर?’ या एका वाक्यात टु बी, संख्या आणि ‘ऑफ’ तिन्ही बसलेले आहेत. लेखातलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा.

नकाराचे रस्ते दोन: ‘देअर इज नो वॉटर’ आणि ‘देअर इजन्ट एनी वॉटर’. मराठीत ‘कुणीच नाही’, ‘काहीच नाही’ असं आपण सहज बोलतो, म्हणून इंग्रजीत ‘देअर इज नॉट नोबडी’ असं दोन नकारांचं वाक्य येतं. एका वाक्यात नकार एकदाच.

माणसाकडे एखादी गोष्ट असली की मराठी ‘आहे’ इंग्रजीत ‘इज’ होत नाही. ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे चार शेळ्या आहेत’, ‘मला ताप आहे’ यांचं ‘आय हॅव’. पण ‘मला भूक लागली आहे’ याचं ‘आय ॲम हंग्री’, आणि ‘मला थंडी वाजतेय’ याचं ‘आय ॲम कोल्ड’. भूक, तहान, थंडी, राग, भीती या अवस्था इंग्रजी माणसालाच चिकटवते.

त्या अवस्थांबरोबर येणारे शब्द मात्र एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. यात तर्क फार चालत नाही. ‘माझ्यावर रागावली आहे’ याचं ‘अँग्री विथ मी’, ऑन नाही. ‘गणितात हुशार’ म्हणजे ‘गुड ॲट मॅथ्स’, इन नाही. ‘त्याच्याशी लग्न झालंय’ म्हणजे ‘मॅरिड टु हिम’, विथ नाही. कुत्र्याला घाबरणारा ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. ‘धडगाव आमचुरासाठी प्रसिद्ध आहे’ हे सरळ ‘धडगाव इज फेमस फॉर इट्स आमचूर’. आमचूर कैरीपासून होतो, कैरीचं रूपच बदलतं, म्हणून ‘आमचूर इज मेड फ्रॉम रॉ मँगोज’. पिशवी कापडाची असते, कापड कापडच राहतं, म्हणून ‘द बॅग इज मेड ऑफ क्लॉथ’. ‘जवळ’साठी निअर घेतला तर मागे ‘टु’ नको, क्लोज घेतला तर ‘टु’ हवं.

वेळेचं थोडक्यात. वार आणि तारीख ऑन, महिना आणि साल इन, घड्याळातली वेळ ॲट. परीक्षा सोमवारी, ‘ऑन मंडे’. होळी मार्चमध्ये, ‘इन मार्च’. गाडी सहाला, ‘ॲट सिक्स’. सकाळी ‘इन द मॉर्निंग’, रात्री मात्र ‘ॲट नाइट’. कुठे जाऊन आलो हे सांगताना ‘बीन टु’: ‘आय हॅव बीन टु तोरणमाळ’. ‘गॉन टु’ म्हणालात तर अजून परतला नाहीत असा अर्थ होतो.

सरावासाठी मी दोन प्रश्नांचा खेळ सुचवतो. मुलांना वर्गाबाहेर न्या. प्रत्येकाने समोर दिसणाऱ्या एका गोष्टीवर दोन वाक्यं बोलायची: पहिलं ‘व्हॉट इज देअर?’चं उत्तर, दुसरं ‘व्हेअर इज इट?’चं. ‘देअर इज अ वेल बिहाइंड द स्कूल. द वेल इज निअर द मँगो ट्री.’ पहिल्या वाक्यात ‘अ’, दुसऱ्यात ‘द’, कारण आता विहीर ओळखीची झाली. काही दिवस फक्त एका वस्तूचं बोलू द्या, मग ‘सम’, ‘मेनी’, ‘अ फ्यू’ आणा, मग ‘मोस्ट ऑफ द’ आणा. पुढच्या टप्प्यावर मुलांनी गावाचा नकाशा काढावा आणि नकाशाबद्दल एकमेकांना प्रश्न विचारावेत. पावरीत विचारलेल्या प्रश्नाचं इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालेल. उलट ते फार चांगलं, कारण मग मूल मनातल्या मनात मराठीचा वळसा घालत नाही.

चुका सुधारताना एका वहीत एका वेळी एकच प्रकार सुधारा. आधी गाळलेलं ‘इज’, मग इज-आर, मग अ-द, आणि इन-ऑन-ॲट सगळ्यात शेवटी. इन-ऑन चुकलं तरी समोरच्याला गाव सापडतं. ‘इज’च नसेल तर वाक्य उभंच राहत नाही. लाल शाईने वही भरून गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी दोनच वाक्यं लिहून आणतं, तीही सोपी आणि आधीच पाठ असलेली. त्याने दहा लिहून आणावीत, त्यांतली पाच चुकलेली असली तरी चालतील.